कमठाचा धोंडा

१३ जुलै २०२५, रविवार

सोसायटीनं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरीच होती. बियाण्यांच्या जाहिराती सोडल्या तर तिच्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. आज पेन हातात घेतलं, कारण मंदिर कमिटीनं माझ्या गळ्यात लोढणं घातलं आहे.

यंदा पर्युषण संपल्यावर, सगळ्यांनी एकमेकांची क्षमा मागायच्या क्षमावाणीच्या दिवशी दुपारी नाटक करायचं ठरलं. भगवान पार्श्वनाथांच्या पहिल्या भवाची कथा, कमठ आणि मरुभूती. "गुरुजींनी लिवावं," असं अध्यक्ष म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. छत्तीस वर्षं मराठी शाळेत घालवलेल्या माणसाला गावात दुसरं काम नसतं अशी समजूत आहे.

कथा शेंबड्या पोरालाही पाठ आहे. दोन सख्खे भाऊ. धाकटा मरुभूती परगावी असताना थोरल्या कमठानं त्याच्या बायकोशी पाप केलं. राजानं कमठाची धिंड काढून त्याला हाकललं. तो डोंगरावर गेला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धोंडा धरून तप करू लागला. मरुभूतीला राहवेना. राजा नको म्हणत असतानाही तो डोंगर चढला, थोरल्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि क्षमा मागितली. कमठानं हातातला धोंडा त्याच्या डोक्यात टाकला. मग पुढं जन्मोजन्मी वैर. आमच्या घरी हट्टी पोराला 'कमठ' म्हणायची रीत होती. आई मला म्हणायची. धाकट्या श्रेयांसला कधी म्हटल्याचं आठवत नाही.

नाटक राजश्री बसवणार. चिकोडीकडची सून, माहेर कन्नड, पण मराठीत माझ्याहून मोठ्यानं बोलते. निघताना म्हणाली, "सर, कमठाला नुसता राक्षस करू नगा. मानूस करा. त्यानं टाकला कशापायी, ते कळाय पायजे."

मला ते पटलं. घात करणारा माणूस मी जवळून पाहिला आहे. माझ्याच पाठचा आहे. शोधायला लांब जायला नको.

१६ जुलै, बुधवार

कमठ लिहायचा तर आधी श्रेयांसचं लिहून काढलं पाहिजे. एकदा कागदावर आलं की डोक्यातून जाईल.

सात वर्षांपूर्वीचा वैशाख. आई चौऱ्याऐंशीची. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिनं स्वतःच्या तोंडानं महाराजांकडे सल्लेखना मागितली. आधी अन्न सोडलं, मग दूध, मग ताक, शेवटी पाणीही. गाव दर्शनाला येत होतं. आमच्या घराण्यात असं मरण कुणाला आलं नव्हतं. मी आणि श्रेयांस पाळीपाळीनं तिच्याजवळ बसून णमोकार मंत्र म्हणत होतो. पाणी सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी मी अभिषेकाला मंदिरात गेलो होतो. परत येऊन बघतो तर श्रेयांस चमच्यानं तिला पाणी पाजत होता. ड्युटीवरून आलेला, अंगावर खाकी तशीच. मी ओरडलो तशी आळी जमली. आई दुपारी चारला गेली. दोन चमचे पाण्यासाठी तिची सारी तपश्चर्या मातीला मिळाली.

तेराव्याला मंदिराच्या मंडपात मी सगळ्यांसमोर म्हणालो, "माझ्या भावानं आईचं व्रत मोडलं. तो आमच्या घरचा कमठ."

नाव चिकटलं. श्रेयांस कर्नाटकच्या लाल बसचा ड्रायव्हर आहे. गाव त्याला कमठ ड्रायव्हर म्हणायला लागलं. वर्षाच्या आत तो बायकोला घेऊन बेळगावला अनगोळात राहायला गेला. मी खोटं काही बोललो नव्हतो.

२४ जुलै, गुरुवार

वह्या आणायला निपाणीला गेलो. फाट्यावर दोन लाल बस सोडल्या आणि वडापच्या जीपमध्ये कोंबून घेतलं. कुठली गाडी श्रेयांसची ते मला ठाऊक असतं. बेळगावला जाणारी पाच वीसची त्याचीच. इतकी वर्षं टाळायचं म्हणजे वेळापत्रक पाठ होणारच.

पहिला प्रवेश लिहून राजश्रीला वाचून दाखवला. माझा कमठ मत्सरी, आळशी, धाकट्याच्या मानानं जळणारा. वाक्यं ठसकेबाज जमली होती. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "सर, यात तुम्ही कमठाला छडी मारताय. कमठ बोलंना झालाय."

"म्हणजे?"

"चूक कमठाची, व्हय न्हवं? मग माफी मरुभूतीनं का मागायची?"

"तो थोर होता म्हणून."

"ते झालं पुस्तकातलं. पर कमठाला काय वाटलं असंल? ज्याचं आपण वाटोळं केलं, त्योच येऊन आपल्या पाया पडतोय."

मी म्हटलं, उद्या बघू. घरी येऊन तीन पानं फाडली. या पोरीला प्रश्न विचारायची सवय कुणी लावली कोण जाणे. माझ्या शाळेत तर ती नव्हती.

३१ जुलै, गुरुवार. मोक्षसप्तमी

पार्श्वनाथांना लाडू चढवला. नंतर मंडपात पात्रं वाटली. मरुभूती डेअरीतला रविराज करणार. राजा व्हायला चौघं तयार. कमठाला कुणी नाही. ज्याला विचारावं त्याच्या घरातून बायका नको म्हणतात. ताराबाई शेजारीण सरळच बोलली, "एकाला चिकटलंय ते पुरं झालं. आमच्या पोराला नगो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. ती नजर मला आवडली नाही. मी म्हणालो, "मी करतो कमठ. मला कोण काय म्हणणार आहे?"

कांताला घरी सांगितलं. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं."

बरं काय झालं, ते सांगितलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हिची अर्धी वाक्यं पोटातच राहिली.

३ ऑगस्ट, रविवार

जेवताना मी सहज त्या दिवसाचा विषय काढला, की अभिषेकाला गेलो नसतो तर असं झालंच नसतं. कांता म्हणाली, "अभिषेक सकाळी सातला असतोय."

"मग?"

"आत्यानी पानी घेतलं तवा अकरा वाजून गेलते. मी भांडी घासत हुते." सासूला ती आत्याच म्हणायची.

बायकांना वेळेचं भान नसतं. त्या दिवशी अभिषेकाला उशीर झाला असेल. दर्शनाला गर्दी होतीच.

९ ऑगस्ट, शनिवार

कमठ धोंडा किती वेळ धरत असेल? उगाच थर्माकोल धरून नाटकीपणा नको म्हणून परसात प्रयोग केला. आईचा जुना पाटा मध्ये फुटलेला, त्याचा अर्धा तुकडा न्हाणीजवळ पडून असतो. तो उचलला. वर नेईपर्यंत काही वाटलं नाही. मिनिटभर छाती फुगून आली, गावानं बघावं असंही वाटलं. दुसऱ्या मिनिटाला दंड थरथरायला लागले. खाली ठेवावा म्हटलं तर एक गंमत कळली. डोक्यावर धरलेला धोंडा हळू खाली आणता येत नाही. कोपर वाकवलं की तो अंगावर येतो. एक तर धरून ठेवायचा, नाहीतर टाकायचा.

मी घामाघूम. कांता दारात उभी होती. धावत आली आणि पलीकडच्या बाजूनं तिनं दोन्ही हात लावले. दोघांनी मिळून तो खाली ठेवला.

"एकट्यानं न्हाई उतरायचा," ती धापा टाकत म्हणाली. "हात लावाय कुनी तरी पायजे. या वयात काय खूळ काढलंय!"

आणि मरुभूती काय करत होता? तो पायांशी वाकला होता. त्यानं वर हात करून धोंड्याला हात लावला असता तर? हे नाटकात घालता येईल. छान सुचलं. तुकडा आत आणून पुढच्या दाराशी ठेवला आहे, सरावाला.

१७ ऑगस्ट, रविवार

तालीम. अर्ध्या पात्रांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, म्हणून राजश्रीनं माझी सगळी वाक्यं कन्नड लिपीत उतरवून दिली. त्यात तिनं स्वतःचा हातही फिरवून घेतला. मरुभूतीचं 'दादा, मला क्षमा कर' होतं, त्याचं 'आण्णा, चुकलो' केलं.

मी म्हटलं, "हा पुराणातला संवाद आहे. गावठी करू नकोस."

"आपल्या गावात थोरल्याला दादा कोन म्हनतंय, सर?"

रविराजनं वाकून म्हटलं, "आण्णा, चुकलो. वर्षभरात काय झालं असंल तर..." वर्षभरातलं वाक्य त्यानं पदरचं घातलं, क्षमावाणीला सगळे म्हणतात तसं. माझं पुढचं वाक्य गेलं. मीच लिहिलेलं. दोनदा घेतलं, दोन्ही वेळा गेलं. शेवटी राजश्री म्हणाली, "खाई त्याला खवखवे. असंच काय तरी कमठाच्या तोंडात आलं पायजे." म्हण चांगली आहे. तिसऱ्या प्रवेशात घातली.

वयाचा परिणाम. ब्राह्मी घ्यायला पाहिजे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पर्युषणाचा पहिला दिवस, उत्तम क्षमा. शास्त्र वाचायचा मान माझा. मी वाचलं की क्षमा मागणाऱ्यापेक्षा देणारा मोठा. बाहेर पडताना ताराबाईंनी विचारलं, "यंदा तरी देनार न्हवं, गुरुजी? दरसाल येतंय बिचारं."

बिचारं! सात वर्षांपूर्वी हिनंच पहिली बोंब मारली होती.

येतो हे खरं. क्षमावाणीच्या आदल्या दिवशी श्रेयांस निपाणीत मुक्कामाची गाडी मागून घेतो. सकाळी कुणाची तरी मोटरसायकल घेऊन साडेसहाला आमच्या पायरीशी उभा राहतो. उंबरा ओलांडत नाही. तो आला की मी देवघरात जातो आणि मोटरसायकलचा आवाज लांब जाईपर्यंत जपमाळ ओढतो. कांता त्याला चहा देते. मी तिला कधी अडवलं नाही, हा माझा मोठेपणा.

२ सप्टेंबर, मंगळवार

आईला स्वप्नात पाहिलं. पाट्यावर चटणी वाटत होती.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

उपास आहे, निर्जळ. छत्तीस वर्षांत चुकला नाही. अकराच्या सुमाराला घसा लाकडासारखा झाला. माठ समोर. मी फक्त एका दिवसाचा तहानलेला, शिवाय उद्या सूर्य उगवला की मला पाणी मिळणार आहे हे माहीत असलेला.

आईला तसं माहीत नव्हतं.

तिला काय वाटलं असेल हे मी सात वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं. मला फक्त व्रताचं काय झालं ते दिसत होतं. पुढचं लिहवत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी पाणी प्यालो आणि पहिल्याच घोटाला रडू आलं. कांता म्हणाली, "सावकाश घ्या." तिला वाटलं ठसका लागला. किंवा तिला बरोबर कळलं, देव जाणे.

आता लिहितो.

मी अभिषेकाला गेलो नव्हतो. पाळी माझी होती. अकरा वाजत आले होते. आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, "कुंथू, पानी." मी ऐकलं. मी णमोकार मोठ्यानं म्हणू लागलो. ती पुन्हा म्हणाली, "कुंथू, पानी दे रं." पाणी द्यावं तर व्रत मोडल्याचा डाग माझ्यावर. न द्यावं तर ती माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात श्रेयांस दारात आला. मी माळ त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "तू बस. मी मंदिरात जाऊन येतो." मंदिराचं दार बंद होतं. मी अर्धा तास बाहेर कट्ट्यावर बसलो. श्रेयांस काय करील, ते मला माहीत होतं. त्याला लहानपणापासून कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. त्यानं करावं म्हणूनच मी उठलो. आणि त्यानं केल्यावर मीच आळी गोळा केली.

कमठ कोण, हे कळायला मला नाटक लिहावं लागलं. पोरांना छत्तीस वर्षं खरं बोला म्हणून फळ्यावर लिहीत होतो.

उद्या तो येईल. देवघरात जाणार नाही.

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावाणी

सगळं एका दमात लिहून टाकतो.

साडेसहाला मोटरसायकल थांबली. दार मीच उघडलं. श्रेयांस दचकला. केस पांढरे झालेत त्याचे. खाकी शर्टाच्या खिशात चष्मा. पायरीखालीच वाकला आणि जमिनीला हात लावून म्हणाला, "आण्णा, वर्षभरात काय चुकलं असंल तर क्षमा करा."

मी म्हणालो, "आईनं आधी मला मागितलं होतं. पाणी. दोनदा. मी उठून गेलो."

तो सावकाश उभा राहिला. "ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"आईनं. पानी प्याली आन् म्हनाली, कुंथूला मागिटलं, त्यो उठून गेला. त्याला काय बोलू नगंस, त्याला व्रताचं लई हाय."

"आणि तू सात वर्षं गप्प बसलास? गाव तुला कमठ म्हणत होतं तरी?"

"तिनं सांगिटलं हुतं न्हवं, बोलू नगंस म्हनून."

मला वाटत होतं कबूल केल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. मला राग आला. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. हा माणूस सगळं जाणून दरसाल माझ्या दारात वाकत होता आणि मी आत माळ ओढत होतो. त्यानं एकदा तरी शिवी द्यायची. गावात येऊन माझी अब्रू काढायची. तसलं काहीच केलं नाही, म्हणून माझ्या पापाला कुठं तोंड लपवायला जागा उरली नाही. दाराशी पाट्याचा तुकडा होता. माझी नजर त्याच्यावर गेली. गेली, हे इथं लिहून ठेवतो. कमठानं धोंडा का टाकला ते राजश्रीला सांगायला मला दोन महिने जमलं नव्हतं. त्या क्षणी सांगता आलं असतं.

श्रेयांसनंही खाली बघितलं. "ह्यो आईचा पाटा न्हवं? वाटंत कशाला ठेवलाय? ठेच लागंल कुनाला तरी." पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत हात घालून त्यानं तो तुकडा उचलला आणि भिंतीकडेला नेऊन ठेवला. घड्याळ बघितलं. "वैनी, चा र्‍हाऊ दे आज. गाडीची वेळ झाली."

क्षमा हा शब्द माझ्या तोंडून निघालाच नाही. तो गेला.

दुपारी नाटक. मंडप भरलेला. तिसऱ्या प्रवेशात मी थर्माकोलचा धोंडा डोक्यावर धरून उभा. रविराज वाकला. "आण्णा, चुकलो." मी टाकायचा होता. टाकला नाही. आतून कुणीतरी कुजबुजलं, "टाका, सर, टाका!" लोकांना वाटलं म्हातारा विसरला.

मी म्हणालो, "चूक याची नाही. आईनं पाणी मला मागितलं होतं. मी तिला तहानलेली टाकून पळालो आणि आळ श्रेयांसवर घातला. याच मंडपात. या घरचा कमठ मी आहे."

ताराबाईंनी पुढच्या रांगेतून विचारलं, "गुरुजी, ह्ये नाटकातलं हाय का खरं?"

"खरं."

अध्यक्षांनी माइक बंद करायची खूण केली. पण माझ्या तोंडाशी माइक नव्हताच. वर्गात कमावलेला आवाज आहे. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "म्हंजे दोघांनी मिळून व्रत मोडलं म्हना." काही जण उठून गेले. जायचे ते जाणारच. व्रत मोडलं की नाही, हे मला आता ठरवता येत नाही. ते आईचं होतं.

माझे हात मात्र वरच राहिले. थर्माकोलला वजन ते किती, पण खाली येईनात. कांता बायकांच्या रांगेतून उठली, सगळ्यांसमोर रंगमंचावर चढली आणि पलीकडून हात लावला. मग आले.

घरी गेलो नाही. तोंडाचा रंगही नीट पुसला नाही. फाट्यावर जाऊन उभा राहिलो आणि पाच वीसची लाल बस हात करून थांबवली. श्रेयांसनं आरशातून बघितलं आणि गिअर टाकला. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, गुरुजी?"

"ड्रायव्हर जातोय तिथंवर."

संकेश्वर स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. दिवस मावळायला अजून अर्धा तास होता. मावळल्यावर मी पाणी घेत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. इंजिन बंद करून तो माझ्या सीटपाशी आला. हातात त्याची बाटली होती, तोंडाला गाळणीचं फडकं बांधलेली.

"आण्णा, दिस हाय अजून. पानी घ्या."

मी मागितलं नव्हतं.